सोनकिड्याच्या दोऱ्यातला आवाज

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
२ ऑगस्ट २०२५

चि. किशन यास सुवर्णाक्काचे अ. उ. आ.

मी सुखरूप पोचले. निपाणीच्या स्टँडवर तू कंडक्टरच्या कानात काय भरलंस कोण जाणे, बेळगाव येईपर्यंत तो बिचारा दर थांब्याला मागं वळून मी गाडीतच आहे ना ते बघत होता. माणूस बहिरं झालं की खुळंही झालं असं लोकांना वाटतंच, त्यात माझ्या सख्ख्या भावानं भर घालू नये. चंपानं बांधून दिलेले लाह्यांचे लाडू घरात शिरल्या शिरल्या संपले. सूनबाईंनी, माधवीनं, पाटीवर लिहून विचारलं की मामींनी एवढेच कसे दिले.

माधवी म्हणते फोनवर लिहीत जा, मामांना लगेच पोचेल. पण त्या काचेवर माझं बोट एकीकडं पडतं आणि अक्षर भलतीकडंच उमटतं. मागाच्या खडखडाटानं कान नेले, निदान हाताचं वळण तरी माझ्यापाशी राहू दे. तेव्हा पोस्टमनला तू थोडा त्रास दे, मीही देते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. नागपंचमीच्या दुपारी झोपाळ्याखाली तू नातवंडं गोळा केली होतीस. साठीला आलेला माणूस, बांधावरच्या बाभळीवरून सोनकिडा पकडून आणतोस काय, त्याच्या मानेला माझ्याच पिशवीतला गोंड्याचा रेशमी धागा बांधतोस काय, आणि डोक्याभोवती गरगर फिरवून पोरांकडून टाळ्या घेतोस काय! मी कडेला साडीच्या पदराचे गोंडे बांधत बसले होते. माझी जिरवायची म्हणून तू धाग्याचं टोक माझ्या हातात दिलंस. मी किंचाळले नाही, तेव्हा तुझं तोंड केवढंसं झालं होतं ते मी पाहिलं. पण मी गप्प का झाले ते त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

मला ऐकू आलं, किशन.

आधी बोटांत बारीक थरथर आली. हातात गोंडा होता, म्हणून सवयीनं मी धागा दातांत धरला. जन्मभर प्रत्येक धागा मी दातांत धरत आले. आणि एकदम माझ्या डोक्यात आवाज भरला. जाड, गोल, कुठंही न तुटणारा असा घूंऽऽ. दातातून कानात गेला की कानाशिवायच ऐकू आला, मला सांगता यायचं नाही. कॅम्पातले डॉक्टर म्हणाले होते की कानाची नसच गेली आहे, यंत्र लावूनही नुसती खरखर येईल, आणि तसंच झालं. मग हे काय होतं? तुम्ही सगळे माझ्यापुढं हसत होता आणि मला वाटत होतं की देवळाच्या गाभाऱ्यात उभी आहे.

तू बांधलेला फास सैल होता. किडा निसटेल या भीतीनं माझ्या हातांनी आपोआप गाठ मारली, मागावर तुटलेला धागा जोडताना मारतो ती. ती गाठ कशी असते तुला ठाऊक आहे. मोहरीएवढी, आणि एकदा बसली की सुटत नाही, कापावीच लागते. लगेच त्याचा मागचा पाय धाग्यात अडकला. तू कातर आणायला उठलास तर चंपा दारात आडवी. पंचमीला घरात कातर, विळी, खुरपं काही चालवायचं नाही, जमिनीतल्या जीवाला लागंल, भावाला लागंल. तिचंही खरंच. मग तो बिचारा खिडकीच्या गजाला तसाच लटकत राहिला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उठायच्या आत मी त्याला धाग्यासकट बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि पिशवीत ठेवलं. तो इथं आहे. तुमच्या गावचा मष्णू इथं उद्यमबागेतल्या कारखान्यात कामावर परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर बाभळीचा कोवळा पाला पाठव. चंपाला यातलं काही सांगू नकोस.

लहानांना माझे आशीर्वाद. तुझी माया अशीच असू दे.

तुझी
सुवर्णाक्का

॥ श्री ॥

बेनाडी, ता. निपाणी
७ ऑगस्ट २०२५

ती. सुवर्णाक्कास किशनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चंपाला सांगू नकोस हे वाक्य तू पत्राच्या शेवटी लिहिलंस हे तुझं चुकलं. मी सुरुवातीपासून मोठ्यानं वाचत होतो आणि ती समोर शेंगा फोडत बसली होती. त्या वाक्यापर्यंत पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

पण आधी माझं सांगतो. तुला ऐकू आलं हे वाचलं आणि मला पुढची अक्षरं दिसेनात. शेंगांची टरफलं डोळ्यात गेली असं मी चंपाला सांगितलं, तिनं काही ऐकून घेतलं नाही. आक्का, मी गंमत म्हणून तुझ्या हातात दोरा दिला होता. माझ्या हातून आजवर झालेल्या गमतींत ही एकच कामाची निघाली.

मष्णूबरोबर पाला पाठवतो आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून. सोबत काडेपेट्यांतून आणखी सोनकिडे आहेत. यंदा बांधावर लई आहेत. एक दमला की दुसरा घे. तुझ्या घरी आता आवाजाला तोटा नाही असं समज. मी रोज सकाळी बाभळीखाली उभा राहतो आणि शेजारचा भरमू मला विचारतो की अण्णा, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं. मी त्याला म्हटलं, औषध गोळा करतोय.

चंपा मात्र बिथरली आहे. तुझ्यावर नाही, माझ्यावर. म्हणते, त्या दिवशी म्या तवा ठेवला न्हाय, भाजी चिरली न्हाय, आन तुम्ही पोरांच्या टाळ्यांसाठी जीव टांगला. मी म्हटलं, तो खेळ होता तेव्हा होता, आता त्यानं आक्काला ऐकू येतं, मग तो खेळ राहिला का? यावर ती चहात साखर घालायची विसरली, आणि ती विसरणारी बाई नव्हे.

डब्याच्या झाकणाला भोकं पाड. आणि कसा आवाज येतो ते सविस्तर लिही. मला रोज सगळं ऐकू येतं आणि कशाचंच काही वाटत नाही, म्हणून तुझ्याकडून ऐकायचं आहे.

धाकट्यावर नेहमीसारखी नजर असू द्यावी, ही विनंती.

तुझा
किशन

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. किशन यास अ. उ. आ.

पाला पोचला. काडेपेट्याही पोचल्या, पण त्यातल्या किड्यांना मी दोरा लावला नाही. माधवीनं त्यांना परसातल्या शेवग्यावर सोडलं, तिथून ते कुठं गेले कळलं नाही. माझा हा एकच पुरे.

सविस्तर लिही म्हणालास म्हणून लिहिते. सकाळी ऊन खिडकीत आलं की मी त्याला गजावर ठेवते. मान हिरवी, पण हिरव्यात सोनं, आणि जरा कलली की तांबूस. पाठ गुळाच्या काकवीच्या रंगाची. ऊन अंगात मुरेपर्यंत तो दगडासारखा बसतो. मग पाठीची दोन्ही झाकणं उचलतो आणि आतून पंख बाहेर काढतो, अंगाच्या दुप्पट लांब. आयुष्यभर मी साड्यांच्या घड्या घातल्या, पण एवढं लांब कापड एवढ्याशा जागेत ठेवायची घडी मला घालता यायची नाही. हे सगळं आपल्या बांधावर दर पावसाळ्यात असतं आणि मी आज बघते आहे. मग तो उडतो, दोरा ताणतो, आणि माझ्या दातांत तो आवाज येतो.

आवाजाला जाडी असते हे मी विसरूनच गेले होते. ढग आले की तो बारीक होतो, ऊन पडलं की भरतो. दोरा सैल सोडला की लांब जातो, आवळला की अगदी कपाळाच्या मध्यात येतो. पहिल्या दिवशी मी सकाळभर हेच करत बसले आणि गोंड्यांचं काम राहिलं. मला हसू येत होतं आणि रडूही. असं मला कधी झालं नव्हतं.

आता दुसरं सांगते. माधवीनं कौतुकानं गल्लीत सांगितलं, आणि रविवारी दुपारी घर बायकांनी भरलं. सासूबाईंना किडा ऐकू येतो म्हणे! शेजारची रुक्माबाई, तिच्या जावा, सगळ्यांनी एकेकदा दोरा दातांत धरून पाहिला. एकीनं फोनवर व्हिडिओ काढला. किडा दमून गजावर बसला की कुणीतरी दोऱ्याला हिसका द्यायची, की तो पुन्हा उडायचा, की सगळ्या हसायच्या.

तुम्ही हसता तेव्हा तुम्हाला हसणं ऐकू येतं, आणि ते गोड असतं, त्यामुळं बाकीचं लक्षात येत नसावं. मला ऐकू येत नाही. मला नुसती उघडी तोंडं दिसतात. एका बाजूला ती तोंडं दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला तो. हिसका बसला की तो दर वेळी खिडकीकडंच जायचा. खोलीत एवढी जागा होती, पण एकदाही तो दुसरीकडं उडाला नाही. दोरा संपला की मान मागं खेचली जायची, तरी पंख चालूच. आणि दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं, हिसका रुक्माबाई देत होती. त्या वेळी आवाज सगळ्यात मोठा होता.

मग माझ्या ध्यानात आलं की तो पळतो आहे. मला जो आवाज येतो तो त्याच्या पळण्याचा आहे. दोरा नसता तर एकदाच घूं करून तो निघून गेला असता. मी त्याला अडवून धरलं आहे म्हणून मला रोज ऐकू येतं.

मी रुक्माबाईच्या हातातून दोरा काढून घेतला. तिला वाटलं मी चिकटपणा केला, ती अजून माझ्याकडं बघत नाही. सगळ्या गेल्यावर मी त्याला पाला दिला. त्यानं खाल्ला. आणि मग, तुझ्यापासून काय लपवायचं, दिवेलागणीला मी पुन्हा दोरा दातांत धरला. त्याला मी हिसका दिला नाही, तो आपणहून उडाला, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याला सोडलं तर मला पुन्हा कधी काही ऐकू येणार नाही. नाही सोडलं तर माझं मन मला खातंय. काय करू ते सांग. तू धाकटा असलास तरी या वेळी मी विचारते आहे.

चंपाचा राग उतरला का ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

सुवर्णाक्का

॥ श्री ॥

बेनाडी, ता. निपाणी
१७ ऑगस्ट २०२५

ती. सुवर्णाक्कास शि. सा. न. वि. वि.

तू माझा सल्ला मागितलास हे घरात कुणाला पटेना, म्हणून मी पत्र दाखवलं. आता माझा सल्ला ऐक. सोडू नकोस.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. तंबाखूवर आम्ही फवारा मारतो तेव्हा एका सकाळी किती जीव जात असतील याचा हिशेब कुणी ठेवतो का? नांगराखाली जातात, पायाखाली जातात. तू ज्या रेशमाचे गोंडे बांधतेस ते रेशीम कोशातल्या किड्याला उकळत्या पाण्यात घालूनच निघतं, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. आणि सोनकिडा तसाही पावसाळा सरला की मरतोच. तुझ्याकडं त्याला आयता पाला आहे, कावळ्याची भीती नाही. मग चार दिवस त्यानं तुला आवाज दिला तर त्याचं काय बिघडलं?

हे सगळं मी मांडतो आहे ते कशासाठी ते पण लिहितो. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात तू मांडवात माझ्या शेजारी उभी होतीस. बँड कानठळ्या बसतील असा वाजत होता, आणि तू माझा हात धरून विचारलंस की वाजंत्री अजून का आली नाही रं. मी म्हटलं, येईल आता. त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे की कुठूनही, काहीही करून तुला एखादा आवाज आणून द्यावा. तो माझ्या हातून, चेष्टेत का होईना, मिळाला. तो तू सोडून देणार म्हणतेस, तर माझा जीव तुटतो. त्या किड्यापेक्षा मला तू जास्त आहेस, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

चंपाची गोष्ट वेगळीच आहे. तुझं पत्र तिनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तुझ्यासाठी मी आणखी सोनकिडे धरून ठेवले होते, ते तिनं मला न विचारता बाभळीवर नेऊन सोडले. मी चिडलो तर म्हणाली, माझ्यावर कशाला चिडताय, मीच पापी हाय. नागपंचमीचा नेम कशापायी? मुंगीला सुदिक लागू नये म्हणून. आन म्या त्यो नेम धरून कातर लपवली, आन मुका जीव रातभर गजाला टांगून ठिवला. या घरात तिच्याशी वाद घालून कोण जिंकलं आहे?

मष्णू उद्या येतो आहे, त्याच्याबरोबर तिनं तिची शिवणाची बारीक कातर तुझ्यासाठी दिली आहे, फडक्यात बांधून. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, वन्संना कळंल. मला काही विचारू नकोस. मी तुला सल्ला दिला आहे.

राग आला तर पत्रातून रागव, पण पत्र थांबवू नये.

तुझा
किशन

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
२१ ऑगस्ट २०२५

चि. किशन यास अ. उ. आ.

तुझ्यावर कसला राग? मांडवातली गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी वाजंत्री उशिरा आली असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते. तुम्ही कुणी मला खोटं पाडलं नाहीत.

रेशमाचं तू लिहिलंस ते खरं. मागावर बसताना आम्ही आधी हात जोडायचो, पण त्यानं किडा वाचत नाही, हे मलाही समजतं. तरी पोटासाठी जीव घेणं आणि टाळ्यांसाठी जीव टांगणं यात मला फरक वाटतो. माझी पंचाईत अशी झाली की मी कुठं बसते तेच कळेना. मी टाळ्या पिटत नव्हते. मला भूक लागली होती, पण ती पोटाची नव्हती. रुक्माबाईच्या जावा घटकाभर हसल्या आणि घरी गेल्या. माझं तसं नव्हतं, मी त्याला मरेपर्यंत ठेवलं असतं. मग जास्त वाईट कोण, ते तूच ठरव.

मष्णूबरोबर चंपाची कातर आली. ती हातात घेतली आणि मला सगळं कळलं.

कापायला बसले तर कातरीचं टोकसुद्धा जाड पडायला लागलं. गाठ मानेच्या सांध्यात रुतून बसली होती. माझीच गाठ, किशन, आणि मला सापडेना. माधवीनं भिंग धरलं. गोंड्याच्या सुईनं मी धागा उचलायला गेले आणि भिंगातून त्याची मान दिसली, तेव्हा सुई माझ्या हातातच राहिली. तिच्यावर खळगे आहेत, शेकडो, एकमेकांना खेटून. प्रत्येक खळग्यात हिरवा रंग आहे, तळाशी सोनेरी, काठाला तांबडा, आणि माधवीचा हात जरा हलला की सगळे खळगे एकदम रंग बदलतात. जन्मभर मी रंगांत बसले. हा रंग कुणी कुठल्या हौदात भिजवला असेल? कुणाला दिसावा म्हणून? बाभळीवर तर बघायला कुणी नसतं. मी सुई खाली ठेवून नमस्कार केला, आणि माधवीनंही केला, ती कॉलेजात शिकलेली असून.

मग कापला धागा. मानेवर खाच राहिली आहे. मागचा एक पाय नव्हता. कधी गेला मला माहीत नाही. मी एवढी रोज त्याच्याकडं बघत होते, आवाजाच्या नादात तो मला दिसला नाही.

त्याला घेऊन आम्ही दोघी येळ्ळूरच्या रस्त्याला गेलो, भातशेतं लागतात तिथं बांधाला बाभळी आहेत. खोडावर ठेवला तर हलेना. मेला की काय म्हणून मी त्याला तळहातावर घेऊन उन्हात धरलं. बराच वेळ तो तसाच होता. मग त्यानं पाठीची झाकणं जराशी उचलली, आणि उडायच्या आधी त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. दोरा नव्हता, दातांत काही नव्हतं. तळहातात सुरू झालं ते मनगटात आलं, तिथून कोपरापर्यंत चढलं. एवढासा जीव, आणि माझा सगळा हात त्यानं भरून टाकला.

मग हात हलका झाला. तो भातावरून गेला, वाकडातिकडा, एका बाजूला झुकत. माधवीनं बोट करून दाखवलं, पण माझ्या नजरेतून तो लगेच सुटला. पलीकडच्या बाभळीवर बसला असं ती म्हणते. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले, पण ते सांगताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी हात तसाच उघडा ठेवून उभी राहिले. भात हलत होता, रस्त्यानं ट्रक गेला, माधवी आणखी काहीतरी बोलली. कशालाच आवाज नव्हता. मी रडले. कान गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, किशन. या वेळी आवाज माझ्या हातावर बसला होता, आणि मी त्याला जा म्हटलं.

चंपाला माझा नमस्कार सांग, ती लहान असली तरी. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी
सुवर्णाक्का